मोबाईलमधली धमकी आणि घरातली भीती



या पानावर आजवर आपण डेंग्यू, क्षयरोग, रक्त कमी होणं, बाळंतिणीचा आहार, दारू आणि लिव्हर यांविषयी बोललो. या वेळचा विषय मोबाईल आहे. तो आरोग्याच्या पानावर कशाला, असं कुणी विचारील, म्हणून आधी तेच सांगतो. तेरा-चौदा वर्षांचं धडधाकट पोर एकाएकी जेवेनासं होतं. पोट दुखतं म्हणून शाळा बुडवतं. फोन वाजला की दचकतं, पण फोन हातातून सोडत नाही. आई एका दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात नेते, रक्त-लघवी तपासली जाते, काही निघत नाही. शेजारीण म्हणते नजर लागली. आणि खरं कारण असतं त्या फोनच्या पलीकडे बसलेला एक माणूस, जो पोराकडे रोज पैसे किंवा फोटो मागतो आहे. हे गोळीने बरं होणारं दुखणं नाही, पण दुखणंच आहे, आणि वेळेत कळलं नाही तर जिवावर बेततं.

आपल्या वस्त्यांत बऱ्याच घरी मुलांच्या हातात फोन आला तो २०२० च्या टाळेबंदीत. शाळा बंद, अभ्यास व्हॉट्सॲपवर, म्हणून कुणी उसने पैसे काढून, कुणी जुना सेट विकत घेऊन दिला. शाळा सुरू झाल्या, फोन घरात राहिला. याचं आम्हाला वाईट वाटत नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म, स्पर्धा परीक्षेचे तास, इंग्रजीचे धडे याच फोनवर मिळतात. ज्या दहा बाय बाराच्या खोलीत पुस्तकांचं कपाट ठेवायला भिंत नाही, तिथे हे थोडं नाही. तेव्हा ‘फोनच नको’ हा सल्ला आम्ही देणार नाही. दिला तरी कुणी पाळणार नाही.

फास कसा टाकतात

इन्स्टाग्रामवर किंवा एखाद्या गेममध्ये खेळता खेळता ओळख होते. समोर मुलीचा फोटो, वय सांगते चौदा-पंधरा. आपल्या मुलाने शाळेच्या गणवेशात फोटो टाकलेला असतो, त्यावर शाळेचं नाव वाचता येतं, त्यामुळे ‘मी पण तिकडचीच’ म्हणणं सोपं जातं. चार दिवस गोड गोड बोलणं. मग सहज विचारल्यासारखा एक प्रश्न येतो, ‘तुझा फोन घरी कोण बघतं?’ हा प्रश्न ध्यानात ठेवा. चोर घराला कुलूप आहे का ते आधी बघतो, तसा हा प्रश्न आहे. मुलाने ‘कुणी नाही’ म्हटलं की पुढची पायरी. ‘इथे नको, व्हॉट्सॲपवर ये, टेलिग्रामवर ये.’ ‘हे आपलं गुपित हं.’ मग रात्री व्हिडिओ कॉल. समोर दिसणारी मुलगी म्हणजे कुठून तरी घेतलेला तयार व्हिडिओ असतो. ती कपडे काढते, मुलालाही काढायला सांगते, आणि पलीकडे मुलाच्या चेहऱ्यासकट सगळं रेकॉर्ड होतं. दोन मिनिटांत कॉल बंद. लगेच तोच व्हिडिओ मुलाच्या फोनवर येतो, सोबत त्याच्या मामाचं, सरांचं, मित्रांचं खातं दाखवून धमकी येते: पैसे टाक, नाहीतर सगळ्यांना पाठवतो. पोराने आईच्या फोनवरून हजार टाकले की दोन हजार मागतात. कधी मध्येच दुसरा माणूस फोन करतो, ‘मी सायबर पोलिसांतून बोलतोय, तुझ्यावर केस झाली, मिटवायची तर इतके भर.’ तोही त्याच टोळीचा.

मुलींच्या बाबतीत चाल बहुधा संथ असते. महिना-दोन महिने कौतुक, ‘तू किती छान दिसतेस, तू रीलमध्ये पुढे जाशील’, मग प्रेमाची भाषा, मग फोटोची मागणी. पैशांपेक्षा आणखी फोटो मागतात किंवा भेटायला बोलावतात. आणि आता तर मुलीने काही पाठवलेलंच नसलं तरी चालतं. तिच्या डीपीवरचा साधा चेहरा उचलून नागड्या शरीराला जोडणारी ॲप निघाली आहेत. म्हणून फोटो समोर आल्याबरोबर ‘तू काय केलंस?’ असं मुलीला विचारण्याआधी दहादा थांबा.

आणखी एक. हा माणूस दरवेळी परमुलखातलाच असतो असं नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचाच निघतो. पलीकडच्या गल्लीतला दादा, शिकवणीवाला, नात्यातला कुणी. तोही हल्ली फोनवरूनच सुरुवात करतो.

त्याचं हत्यार कुठलं?

त्याच्याकडे पिस्तूल नसतं. तो आपल्या गावातही नसतो. त्याच्याजवळ एकच वाक्य असतं: ‘तुझ्या बापाला कळलं तर?’ मुलाला त्याची जेवढी भीती वाटते, त्याहून जास्त आपली वाटते, यावर त्याचा सगळा धंदा चालतो. ज्या घरात मूल पहिल्याच दिवशी आईजवळ येऊन रडतं, त्या घरात त्याच्या हाती फारसं काही लागत नाही. ज्या घरात पोराला माहीत असतं की पट्टा निघेल, फोन फोडला जाईल, तिथलं पोर महिनोन्महिने एकटं झुरतं, आईच्या डब्यातले पैसे चोरतं, आणि एखाद्या दिवशी नको ते करून बसतं.

म्हणून आमचं पहिलं सांगणं सेटिंगचं नाही. आजच संध्याकाळी, काही घडलेलं नसताना, मुलाला आणि मुलीलाही जवळ बसवून साध्या शब्दांत सांगा: ‘कुणी तुला फोटो मागितला, घाणेरडं काही दाखवलं, धमकी दिली, तर मला सांग. तू स्वतः फोटो पाठवला असलास, तुझी चूक असली, तरी सांग. मी मारणार नाही आणि फोन कायमचा काढून घेणार नाही.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. फोन जाईल या एका भीतीने मुलं गप्प बसतात. आणि एकदा शब्द दिला की तो पाळायला हवा. बाप तापट असेल तर त्याने ऐकून घ्यावं, खाली जावं, चौकात दोन फेऱ्या माराव्यात, मग परत यावं. हे लिहायला सोपं आहे हे आम्हालाही कळतं. दिवसभर सेंटरिंगचं काम करून आलेल्या माणसासमोर असा विषय आला तर हात उठतो. तरीही तो हात त्या वेळी नेमका धमकावणाऱ्याच्या उपयोगी पडतो.

सगळंच आईबापाला सांगता येईल असं नसतं. मावशी, आत्या, मोठी ताई, शाळेतल्या बाई, यांपैकी तू कुणाला सांगशील, असं मुलालाच विचारा. नाव त्याने निवडू दे. एकाऐवजी दोन नावं असली तर बरं.

‘आम्हाला फोनमधलं काय कळतंय, पोरंच आम्हाला शिकवतात,’ असं अनेक माता म्हणतात. अहो, फोन नाही कळत, पण माणसं तर कळतात ना? दारात येऊन नको इतकं गोड बोलणारा, मुलाला परस्पर चॉकलेट देणारा माणूस तुम्ही बरोब्बर ओळखता. फोनमध्येही तोच माणूस आहे. भाजी निवडताना पंधरा मिनिटं पोराला शेजारी बसवा आणि म्हणा, मला दाखव तू काय बघतोस, हा गेम कसा खेळतात, हा कोण आहे, तुला खरोखर भेटलाय का? झडती घेतल्यासारखं नको. मूल शिकवणारा, तुम्ही शिकणारे. रोज नाही जमलं तर रविवारी.

सेटिंगचं थोडक्यात. बरीचशी खाती मोबाईलच्या दुकानात उघडली जातात आणि दुकानदार घाईत कुठलंही जन्मसाल टाकतो, किंवा पोरंच वय वाढवून सांगतात. इन्स्टाग्रामवर तेरा वर्षांखालच्या मुलाला खातंच चालत नाही, आणि अठरापर्यंतच्या मुलांसाठी तिथे जी बंधनं आहेत ती खोट्या वयाच्या खात्याला लागू होत नाहीत. जन्मतारीख खरी टाकून घ्या. खातं ‘प्रायव्हेट’ करा, म्हणजे आपण होकार दिलेल्यालाच फोटो दिसतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तिथे फक्त ओळखीचे नंबर ठेवा, प्रोफाईल फोटोचंही तसंच करा. अनोळखी कॉल गप्प करण्याची सोयही तिथेच आहे. गुगलचं ‘फॅमिली लिंक’ हे फुकट ॲप मुलाचा वेगळा फोन असेल तर उपयोगी, त्यातून कुठलं ॲप घालायचं ते आईबाप ठरवू शकतात. घरात एकच फोन असेल तर त्याचा फार उपयोग नाही. तिथे पैशांच्या ॲपचा पिन मुलाला न सांगणं एवढं तरी करा. आणि यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही, हे मुलालाही पाठ करून घ्या.

झोपेचं तर बहुतेकांना माहीतच आहे. रात्री सगळ्यांचे फोन ओट्याजवळ एका जागी चार्जिंगला, पांघरुणात कुणाचाच नाही, बापाचाही नाही. वर सांगितलेले कॉल बहुतेक रात्रीच येतात, त्यामुळे एका नियमात दोन कामं होतात. तान्ह्या बाळाला जागतिक आरोग्य संघटना वर्षभर स्क्रीन अजिबात नको म्हणते, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून जास्त नको. चूल सांभाळताना मूल फोनसमोर बसवणाऱ्या आईला आम्ही दोष देत नाही, तिच्या हाताखाली दुसरं कोण आहे? पण जेवण भरवताना तरी टाळा.

पैसे देणारे आणि शिव्या देणारे

आपल्या वस्त्यांत आणखी एक सापळा फिरतो आहे. कॉलेजला जाणाऱ्या पोरांना सांगतात, ‘तुझं बँक खातं आणि सिम वापरायला दे, महिन्याला काही हजार देतो.’ शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं खातं असतं, पोराला वाटतं फुकटचे पैसे आले. प्रत्यक्षात त्या खात्यातून कुणाची तरी लुबाडलेली रक्कम फिरवली जाते. पोलीस माग काढत येतात ते खातेदाराच्या दारात. खातं गोठतं, शिष्यवृत्ती अडकते, आणि पोरगं आरोपी होतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे, तरी लिंक पाठवून तसे खेळ खेळायला लावणारे आहेतच. शिष्यवृत्तीचा ओटीपी मागणारा फोन आला तर तो कार्यालयातला नव्हे, चोराचा समजा.

आणि एप्रिलची गोष्ट. जयंतीच्या मिरवणुकीची रील पोरं हौसेने टाकतात, आणि खाली जातीवरून शिव्या येऊन पडतात, बाबासाहेबांविषयी घाण लिहिलं जातं. बारा-तेरा वर्षांच्या पोराने हे पहिल्यांदा वाचलं की त्याच्या मनावर काय होतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. काही पोरं गप्प होतात, काही पेटून उठतात आणि समोरच्याच्या देवधर्मावर तसंच लिहितात. मग गुन्हा आपल्याच पोरावर दाखल होतो, पहिली शिवी देणारा राहतो बाजूला. पोराला आधी सांगा, तुझा राग बरोबर आहे. मग सांगा, उत्तर लिहू नकोस, स्क्रीनशॉट काढ, त्यात खात्याचं नाव, तारीख आणि मजकूर दिसला पाहिजे. तक्रार मोठ्यांनी करायची. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात लोकांदेखत जातीवरून अपमान करणं गुन्हा आहे, आणि २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अवमान करणं हाही गुन्हा ठरला आहे. बौद्धांना अनुसूचित जातींत धरण्याची तरतूद १९९० पासून आहे. जातीचा दाखला सोबत ठेवा.

धमकी आलीच तर

मूल सांगायला आलं की पहिलं वाक्य ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ हे असू द्या. त्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका. जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं तर १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर लगेच बोला, तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलतात.

पैसे देऊ नका. आधी दिले असतील तर आणखी देऊ नका, आणि १९३० वर ताबडतोब कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचे तर उशीर चालत नाही. घाबरून सगळं पुसून टाकू नका. धमकीचे मेसेज, खात्याचं नाव, नंबर, पैसे मागितलेला यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट काढा, मग त्या खात्याची ॲपमध्येच तक्रार करून ब्लॉक करा. मात्र मुलाचा तो फोटो किंवा व्हिडिओ ‘पुरावा’ म्हणून मामाला, शेजाऱ्याला, मंडळाच्या ग्रुपवर पाठवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाचं असं चित्र पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे, पहिल्या वेळीही पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसतं बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. ज्या फोनमध्ये आहे त्याच फोनमध्ये राहू द्या आणि वेळ न घालवता पोलिसांना दाखवा.

फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाऊन’ नावाची फुकट सेवा आहे, अमेरिकेतली हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीची संस्था ती चालवते. तिथे फोटो पाठवायचा नसतो. फोनमध्येच त्या फोटोचा एक अंकी ठसा तयार होतो, तेवढाच पुढे जातो, आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सामील कंपन्या तो ठसा जुळणारा फोटो आपल्याकडून काढून टाकतात. वस्तीतली कॉलेजात शिकणारी एखादी विश्वासू मुलगी हे करून देऊ शकेल.

आता जी गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त छळते ती. मुलीच्या बाबतीत असं काही घडलं की आपल्याकडे दुसऱ्या दिवशी तिची शाळा बंद होते. फोन काढून घेतला जातो, गावी आजीकडे पाठवतात, आणि सहा महिन्यांत स्थळं बघायला लागतात. गुन्हा केला कुणी आणि शिक्षा कुणाला? ज्या समाजाने शिक्षणासाठी एवढं सोसलं, त्याच्या घरात एका फोटोवरून मुलीचं दप्तर खुंटीला लागावं, हे आम्हाला पटत नाही. आणि अठराच्या आत लग्न लावणं हा आणखी एक गुन्हा. मुलगी सोमवारी शाळेत गेली पाहिजे. पहिला आठवडा आईने किंवा मावशीने सोडायला जावं, बाईंना एकट्यात भेटून सांगावं.

आणि फोटो फिरवणारा आपलाच मुलगा निघाला तर? वर्गातल्या मुलीचा फोटो ‘मजा’ म्हणून ग्रुपवर टाकणारी पोरं काही आभाळातून पडत नाहीत. अठराखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं. त्याला झाकू नका. ज्या आईने मुलीला ‘नीट राहा’ म्हणून हजारदा सांगितलं, तिने मुलाला ‘कुणाचा फोटो पुढे पाठवू नकोस’ हे एकदा तरी सांगितलं आहे का, हे तिने आठवून बघावं.

प्रकरण बैठकीत बसून मिटवायचा मोह होतो, विशेषतः समोरचा वस्तीतलाच असला तर. तसं करू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती ज्याला कळली त्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि मुलाला दहा माणसांपुढे उभं करून विचारणं हा त्याच्यावर दुसरा घाव असतो. पोलीस ठाण्याची पायरी चढताना आपली माणसं बिचकतात, आणि त्यामागे जुने अनुभव आहेत, हे आम्ही नाकारत नाही. म्हणूनच आपले हक्क पाठ हवेत. १०९८ ही मुलांची मदतवाहिनी चोवीस तास फुकट आहे, आधी तिथे फोन करा. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर मुलांसंबंधीची तक्रार नाव न सांगताही करता येते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आईबाप किंवा त्याचा विश्वास असलेलं माणूस शेजारी असताना. रात्री कुठल्याही कारणाने मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. आमच्या हद्दीतलं नाही म्हणून परत पाठवलं तर सांगा, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. महिला, मुलं आणि अनुसूचित जातीची माणसं यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. एकटं जाऊ नका, महिला मंडळातली एखादी जाणती बाई किंवा आशाताई सोबत घ्या, पण गोतावळा नको, कारण मुलाचं नाव वस्तीत फिरता कामा नये.

तपासासाठी पोलीस फोन जमा करून घेऊ शकतात. कितीतरी घरांत तो एकच फोन असतो, त्यात मुकादमाचा नंबर, गॅसचं बुकिंग, बचत गटाचा हिशोब, सगळं असतं, आणि याच एका कारणाने माणसं तक्रार टाळतात. जायच्या आधी गरजेचे नंबर वहीत उतरवून घ्या. फोन दिला तर जप्तीच्या कागदाची प्रत मागा आणि त्यावर फोनचा आयएमईआय क्रमांक लिहिलाय का ते पाहा. तो क्रमांक स्टार-हॅश-झिरो-सिक्स-हॅश दाबल्यावर पडद्यावर येतो, तोही वहीत आधीच लिहून ठेवा.